दोन शाळांच्या मधले नऊ आठवडे

मराठीत नाव दोन तऱ्हांनी काढतात. पोरीनं शिकावं, मोठं व्हावं, घराण्याचं नाव काढावं, हा आशीर्वाद. आणि शाळेतून नाव काढलं, म्हणजे घरात काहीतरी बिनसलं: बापाची नोकरी गेली, पोरगं वाया गेलं, नाहीतर पोरीचं लग्न ठरलं. 27 जानेवारी 2023च्या दुपारी न्यू जर्सीतल्या एका पब्लिक स्कूलच्या ऑफिसात उभं राहून मी माझ्या सातवीतल्या लेकीचं नाव काढलं. काउंटरपलीकडच्या बाई ट्रान्सफर कार्ड भरत होत्या. नव्या शाळेचं नाव विचारून त्यांनी वर पाहिलं. मी म्हटलं, अजून शाळा नाही. त्यांनी मान डोलावली आणि तो रकाना मोकळाच सोडला.

त्या रात्री अकोल्याला फोन केला. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत 35 वर्षं शिक्षक होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कुठेही मध्ये बोलले नाहीत, आणि शेवटी एकच विचारलं, "म्हणजे आज ती कुठल्याच हजेरीपटावर नाही?"

नव्हती. नवऱ्याची नोकरी डॅलसला हलली होती. शहराच्या उत्तरेला आम्ही घर बुक केलं होतं, ते फेब्रुवारीअखेर ताब्यात येणार होतं, मग मार्चअखेर येणार असं कळलं. तोवर राहायला जे अपार्टमेंट मिळालं ते घरापासून 13 मैलांवर, दुसऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे सरकारी शाळांच्या वेगळ्याच हद्दीत; आणि मूल ज्या हद्दीत राहतं तिथल्याच शाळेत जातं. टेक्सासमध्ये स्कूल डिस्ट्रिक्टची हद्द आणि गावाची हद्द एक नसते. एकाच गावातल्या दोन गल्ल्या दोन वेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये असू शकतात. अपार्टमेंटजवळच्या शाळेत तिला घातलं असतं तर दोन महिन्यांत पुन्हा काढून तिसऱ्या शाळेत घालावं लागलं असतं. लेकीनं या सगळ्या उलाढालीत स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली होती. "आई, मला दोनदा नवीन मुलगी व्हायचं नाहीये." बाराव्या वर्षी एकदा नवीन मुलगी होणं केवढं असतं ते मला आठवत होतं. म्हणून ठरवलं की मधले आठवडे तिला मीच शिकवायचं.

अमेरिकेत घरी शिकवणं 50ही राज्यांत कायदेशीर आहे, पण नियम ज्या त्या राज्याचे. न्यूयॉर्कमध्ये वर्षाचा आराखडा आधी द्यायचा आणि दर तिमाहीला अहवाल. पेनसिल्व्हेनियात प्रतिज्ञापत्र, आणि वर्षअखेर मुलाचं काम तपासणारा त्रयस्थ माणूस. टेक्सासमध्ये यातलं काहीच नाही, आणि ते असं सहज झालेलं नाही. 1980च्या दशकात तिथल्या शिक्षण खात्यानं घरची शाळा ही खाजगी शाळा नव्हे अशी भूमिका घेतली आणि आईबापांवर खटले भरले गेले. 1985 साली काही कुटुंबांनी एकत्र येऊन उलटा दावा लावला; तो लीपर विरुद्ध आर्लिंग्टन या नावानं ओळखला जातो. 1987 साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि 1994 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. तेव्हापासून टेक्सासमध्ये घरची शाळा ही खाजगी शाळाच. अट एवढीच की शिकवणं खरोखरीचं असावं, दिसेल अशा साहित्यातून असावं, आणि त्यात पाच विषय असावेत: वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व. विज्ञानाचं त्या यादीत नाव नाही. इतिहासाचंही नाही. कोणी तपासायला येणार नाही, कोणी परीक्षा घेणार नाही. ही मोकळीक वाचून मला आधी भीतीच वाटली.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात खोके भरून झाले की रात्री मी असलंच काहीबाही वाचत बसायचे. त्यात न्यू जर्सीचाच 1967चा एक खटला सापडला. पेक्वानॉक गावातल्या मिसेस मासा यांनी आपल्या मुलीला शाळेत न पाठवता घरी शिकवलं, म्हणून त्यांना कोर्टात उभं राहावं लागलं. मुलगी 12 वर्षांची, आई स्वतः हायस्कूलपर्यंत शिकलेली, शिक्षिकेचं प्रमाणपत्र नाही. न्यू जर्सीचा कायदा शाळेबाहेर 'समतुल्य' शिक्षणाची परवानगी देतो. समतुल्य म्हणजे काय, एवढाच वाद होता. त्याच राज्यात 1937 साली एका घराविरुद्ध निकाल गेला होता, कारण चार मुलांत मिसळून जे शिकायचं ते घरात कसं मिळणार, असं तिथल्या कोर्टाला वाटलं. मासाबाईंच्या न्यायाधीशांनी मात्र ते मानलं नाही. घोळक्यात राहणं हीच अट धरली तर घरचं शिक्षण कधीच समतुल्य ठरायचं नाही, आणि मग कायद्यानं दिलेल्या परवानगीला अर्थच उरत नाही. समतुल्यता अभ्यासापुरती बघायची. मासाबाई सुटल्या.

कायदा म्हणून मला हे पटलं. पण दिवा मालवून पडल्यावर तो घोळका डोक्यातून जाईना.

आम्ही डॅलसला पोचलो आणि दोनच दिवसांत गोठलेला पाऊस पडला. रस्त्यांवर काचेसारखा थर. जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारीची सुरुवात, त्या आठवड्यात आसपासच्या जवळजवळ सगळ्या शाळा बंद होत्या. लेक खिडकीशी बसून म्हणाली, "आत्ता कोणालाच शाळा नाही. आत्ता मी नॉर्मल आहे." 6 फेब्रुवारीच्या सोमवारी सकाळी खालच्या रस्त्यावरून पिवळी बस गेली. तिनं ती पाहिली, मी तिला पाहताना पाहिलं, आणि दोघीही काही बोललो नाही.

मी फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं होतं. जुन्या शाळेत 42 मिनिटांचे आठ तास असायचे, तसेच आठ. पहिल्या दिवशी साडेदहाला सगळं संपलं. असं का होतं ते आता कळतं. 24 मुलांच्या वर्गात 42 मिनिटांपैकी हजेरी, गृहपाठ गोळा करणं, कोणाची पेन्सिल, कोणाचं बाथरूम, आणि एका मुलाला न कळलेलं पुन्हा सांगताना बाकीच्या 23 जणांनी थांबणं, यात बराच वेळ जातो. समोरासमोर बसलं की तेच 20 मिनिटांत होतं. ही आनंदाची गोष्ट होती, पण मी घाबरले. उरलेला दिवस मोकळा ठेवणं मला चोरी वाटायला लागलं. मी खान अकॅडमीवरचे आणखी सराव काढले, छापील सराव-कागद काढले, आणि जेवणाच्या टेबलावर तिच्या समोर बसून तिच्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघत राहिले.

बाबांना राहवलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी निरोप पाठवला: रोज पंधरा मिनिटं मला द्या. आमचे सकाळचे आठ म्हणजे अकोल्यात संध्याकाळचे साडेसात. ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून फोनसमोर बसत. बारावीपर्यंतच्या बीजगणिताची तयारी असलेली माझी भाची त्यांच्याकडे येते, पण नातीला त्यांनी शिकवायला घेतली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा.

मला वाटलं होतं ती कंटाळेल. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. तिसऱ्या दिवशी ती ताल धरून म्हणत होती. तिला त्यातलं जे आवडलं ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. इंग्रजीत 'थ्री फोर्थ्स' म्हटलं की त्यात दोन आकडे ऐकू येतात, तीन आणि चार, म्हणजे करायला बाकी राहिलेलं एक गणित. पाऊण हा एकच शब्द, एकच वस्तू. "पाऊण इज जस्ट अ नंबर," ती म्हणाली. मग पावणेचार चारच्या खालून येतं आणि सव्वातीन तीनच्या वरून जातं, हे तिनं संख्यारेषेवर काढून आजोबांना दाखवलं. दीड आणि अडीच असताना साडेएक आणि साडेदोन का नाहीत, हे तिनं विचारलं तेव्हा बाबांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी सगळी वरात काढली आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. सात, साडेदहा, चौदा. देवीची पीठं साडेतीन, मुहूर्त साडेतीन, म्हणून औटकी विसरायची नाही, असं वर सांगितलं.

आणि गंमत म्हणजे हे पाढे अकोल्यापेक्षा टेक्सासमध्ये जास्त उपयोगी पडतात. भारतात सेंटिमीटर आले, लिटर आले, दशांश चिन्ह आलं. अमेरिकेत टेप उघडली की पाऊण इंच, भांड्यांच्या कपाटात पाव कप आणि अर्धा कप. नव्या घराच्या पडद्यांची मापं तिनं पाऊणकीत केली. पण तिसऱ्या आठवड्यात तिच्या हातात मेजरिंग कपांचा जुडगा होता आणि तिला त्या पाढ्यांमधलं भोक सापडलं. "आजोबा, वन थर्डचा पाढा कुठेय?" नाही. एकतृतीयांशाचा पाढा त्यांच्याकडे नव्हता. बाबा क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, रुपया सोळा आण्यांचा होता बेटा. अर्धा, पाव, दोन आणे, एक आणा, असा तो निम्म्या-निम्म्यानं तुटायचा. तिघांत वाटायचा झाला तर पाच आणे चार पै, असं आडनिडं काहीतरी. जे बाजारात रोज लागायचं त्याचेच पाढे झाले. 1 एप्रिल 1957ला नवे पैसे आले तेव्हा ते स्वतः लहान होते, आणि त्यांच्या आजोबांनी वर्षभर नव्या पैशांवर विश्वास ठेवला नव्हता, हेही त्या दिवशी कळलं. मला हे कधीच कोणी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

12 मार्चला इथली घड्याळं एक तास पुढे गेली. तेव्हापासून आमच्या आठला अकोल्यात साडेसहा. बाबांना हे दोनदा समजावून सांगावं लागलं. ते काम लेकीनं केलं.

माझा सगळ्यात आवडता धडा मातीचा होता, आणि तोच चुकला. डॅलसच्या आसपासचा पट्टा ब्लॅकलँड प्रेअरी म्हणून ओळखला जातो. अपार्टमेंटमागच्या मोकळ्या जागेत पाऊस झाल्यावर मी पाय ठेवला आणि बुटाला जो काळा चिखल लागला तो मला ओळखीचा होता. आमच्या अकोल्याकडच्या शेतात पावसाळ्यात बैलाचा पाय असाच फसतो. ही तीच जात: ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, कापसाला मानवते. शास्त्रात दोन्हींना व्हर्टिसॉल म्हणतात. आई मात्र वेगळी आहे. आमची काळी माती लाव्हाच्या बेसाल्टमधून झाली, इथली समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीच्या थरांतून. या मातीपायी इथे घरांचे पाये हलतात, भिंतींना तडे जातात, आणि उन्हाळ्यात लोक चक्क घराच्या पायाला पाणी घालतात.

मी हरखून गेले होते. आम्ही बरणीत माती घालून पाणी ओतलं, हलवून ठेवली. रेती मिनिटभरात बसली, त्यावरचा गाळ काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगत होती. मग ओल्या मातीची 10 सेंटिमीटरची पट्टी करून वाळत ठेवली. किती आकसते ते शेकडेवारीत काढायचं. चौथ्या दिवशी लेक पट्टी मोजायला बसली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. तिनं फूटपट्टीचं टोक जरा आत धरलं होतं. मी म्हटलं, हं. तिनं सरळ केलं. तिनं आकडा लिहिला, मी म्हटलं, एकदा परत बघ. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"आई, तू सारखी बघतेस."

मी म्हटलं, मग, शिकवते आहे ना.

"शाळेत मला कोणी एवढं बघत नाही." आणि ती रडायला लागली. मोठ्यानं नाही. नाक ओढत, पट्टीकडे बघत.

त्या रात्री मला मासाबाईंचा खटला पुन्हा आठवला. घरी शिकणाऱ्या मुलांना मित्र कसे मिळणार, असं सगळे विचारतात. सासूबाईंनीही फोनवर तेच विचारलं होतं. माझ्या लेकीला मित्रमैत्रिणींची ददात नव्हती. जुन्या मैत्रिणी रोज संध्याकाळी व्हिडिओवर असायच्या. तिला उणीव होती ती वेगळ्याच गोष्टीची. शाळा नावाची एक जागा असते जिथे आई नसते. 24 जणांत बाईंची नजर आपल्यावर येते आणि पुढे सरकते. मधल्या वेळात आपण चुकतो, खोडतो, शेजारणीच्या वहीत बघतो, खिडकीबाहेर बघतो, आणि त्याचा हिशोब कोणाला द्यायचा नसतो. मी सातवीत होते तेव्हा शाळेतून घरी यायला मला पाऊण तास लागायचा. रस्ता वीस मिनिटांचा होता. उरलेल्या वेळात मी काय करायचे ते माझ्या आईला आजतागायत माहीत नाही, आणि त्यातलं सांगण्यासारखं फारसं काही नव्हतंही: एका पडक्या वाड्याच्या ओट्यावर दोघी-तिघी बसून मीठ लावलेल्या चिंचा खायच्या. पण ते माझं होतं. माझ्या लेकीकडून मी नऊ आठवड्यांसाठी तो ओटा काढून घेतला होता, आणि तेही तिचं भलं करता करता.

दुसऱ्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. दुपारचे दोन तास ती तिच्या खोलीत, दार लावून. आणि आठवड्यातून तीन दिवस लायब्ररी. भाडेकरार दाखवून कार्ड मिळालं होतं. तिला मोठ्या मुलांच्या विभागात सोडायचं आणि मी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, वर्तमानपत्रांपाशी बसायचं. काय वाचलंस, असं विचारायचं नाही. हा नियम मी माझ्यासाठी केला आणि तो पाळणं मला कुठल्याही धड्यापेक्षा जड गेलं.

आता इतिहासाबद्दल. टेक्सासमध्ये मुलं टेक्सासचा इतिहास दोनदा शिकतात, चौथीत आणि सातवीत. महाराष्ट्रातही चौथीत शिवाजी महाराज आणि सातवीत पुन्हा स्वराज्य. हा योगायोग मला फार आवडला. एप्रिलमध्ये ती ज्या वर्गात जाऊन बसणार होती त्यानं वर्षभर हेच केलेलं असणार, म्हणून आम्ही अलामोपासून सुरुवात केली. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा भाग होता, आणि अलामो ही बंडखोर टेक्सासवाल्यांची गढी मेक्सिकोच्या फौजेनं वेढली होती. वेढा 13 दिवसांचा, 23 फेब्रुवारी ते 6 मार्च 1836. आमच्या कॅलेंडरवर नेमक्या त्याच तारखा चालू होत्या. रोज त्या दिवशी काय झालं तेवढंच वाचायचं. 24ला गढीतला सेनानी ट्रॅव्हिस यानं मदतीसाठी लिहिलेलं पत्र. 2 मार्चला, आत माणसं अडकलेली असताना, दूर दुसऱ्या गावात टेक्सासच्या स्वातंत्र्याची घोषणा. 6ला पहाटे सगळं संपलं. मी तिला बाजीप्रभूंची खिंड सांगितली, 1660ची, आणि जरा जास्तच रंगून सांगितली. तिनं विचारलं, "पण अलामोत जे लढले ते कशासाठी लढत होते?" मी म्हटलं, स्वातंत्र्यासाठी. ती काही बोलली नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते आणि ती बाहेर आजोबांशी बोलत होती. पाढे संपले होते. ती त्यांना मोडक्या मराठीत जो नावाच्या माणसाची गोष्ट सांगत होती. जो हा ट्रॅव्हिसचा गुलाम. अलामोत होता, वाचला, आणि आत काय झालं ते पुढे त्यानं लोकांना सांगितलं. मेक्सिकोनं 1829मध्येच गुलामी बंद केल्याचं फर्मान काढलं होतं, आणि स्वतंत्र टेक्सासच्या घटनेनं मात्र गुलामी राखली. "मग शेवटी टेक्सासवाले जिंकले, आणि जो परत स्लेव्हच. नेक्स्ट इयर तो पळून गेला आणि त्याला पकडायला पेपरमध्ये जाहिरात दिली. फिफ्टी डॉलर्स." बाबा म्हणाले, "हे तुला आईनं शिकवलं?" ती म्हणाली, "नाही. मला सापडलं."

माझी पोळी करपली. मी गॅस बंद करून तशीच उभी राहिले.

क्लॅरिनेटची गोष्ट राहिलीच. जुन्या शाळेत ती बँडमध्ये होती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही होऊ घातलेल्या शाळेत चौकशीला गेलो. कागदपत्रांचा जो नियम होता तो होता, घर नावावर झाल्याशिवाय प्रवेश नाही. पण निघताना बँडच्या सरांनी तिला थांबवलं, कोणतं वाद्य वाजवतेस ते विचारलं, आणि मेमधल्या कार्यक्रमाच्या सुरावटीची तीन पानं तिच्या हातात दिली. पानावर कोपऱ्यात लिहिलं होतं: तिसरी क्लॅरिनेट. कुठल्याही रजिस्टरमध्ये नाव नसलेल्या मुलीला त्या दिवशी एक जागा मिळाली. त्या सरांचे उपकार मी विसरणार नाही.

तिसऱ्या क्लॅरिनेटला चाल नसते. चाल पहिलीकडे. तिसरीकडे खालचे लांबच लांब सूर, मध्येच दोन टप्पे, आणि मग अकरा-अकरा मात्रापट्ट्या नुसतं थांबायचं. बंद दाराआडून मला ऐकू यायचं. एक लांब सूर. मग शांतता, आणि त्या शांततेत तिचं मोजणं: वन टू थ्री फोर, टू टू थ्री फोर, थ्री टू थ्री फोर. मग पुन्हा दोन सूर. एकटीनं वाजवलेलं ते कशाचंच वाटत नसे. मी गणित शिकवू शकले, माती दाखवू शकले, बाबा पाऊणकी देऊ शकले, इतिहास तिनं स्वतः शोधला. पण त्या अकरा पट्ट्या थांबून ती कोणाची वाट बघतेय ते घरात कोणालाच वाजवता येणारं नव्हतं. त्या आठवड्यांत ती तीन पानं मला पाठ झाली, मोजणीसकट.

3 एप्रिलला ती शाळेत गेली. घराचे कागद, लसीकरणाचं कार्ड, जुनं प्रगतिपत्रक आणि मी तारखा घालून लावलेली जाडजूड फाईल. काउन्सेलरबाईंनी फाईल दोन मिनिटं चाळली, मातीच्या बरणीचा फोटो बघून हसल्या, आणि गणिताची चाचणी घ्यावी लागेल म्हणाल्या. प्रगत वर्गात बसायचं तर ती लागतेच. लेक त्यात कमी पडली आणि साध्या वर्गात गेली. पेपर पाहिला तेव्हा कळलं: संभाव्यतेचे प्रश्न होते, आणि टेक्सासच्या गणितात पैशांच्या व्यवहाराचा एक स्वतंत्र भाग असतो, विक्रीकर, अंदाजपत्रक, कर्जावरचं व्याज, तोही होता. हे दोन्ही मी शिकवलंच नव्हतं. मला अपूर्णांक आवडतात, शेकडेवारी आवडते, म्हणून आम्ही तिथेच रमलो. ही चूक माझी, आणि तिची किंमत तिनं दिली. दोन शाळांच्या मध्ये मूल घरी ठेवायची वेळ तुमच्यावर आलीच, तर आधी पुढच्या शाळेकडून वर्षाची यादी मागून घ्या. मागच्या शाळेची असून भागत नाही. मी हे पाहुण्यांना, मैत्रिणींना, विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगते. हेही सांगते की मला हे जमलं कारण मी तेव्हा नोकरी सोडलेली होती. जिला दुपारी दोनला मीटिंग आहे तिला कोणी हा सल्ला सहज देऊ नये.

बाबांना मी फोन करून सांगितलं, हजेरीपटावर आली. ते म्हणाले, "नंबर कितवा?" इथे हजेरीचे नंबर नसतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, विचारून सांगते.

पहिल्या दिवशी दुपारी ती बसमधून उतरली. मी दारातच होते. काय झालं आज? "काही नाही." डबा खायला कोणासोबत बसलीस? "होते कोणीतरी." आणि ती तिच्या खोलीत गेली आणि दार लागलं. नऊ आठवडे मला तिच्या दिवसातलं मिनिटन्‌मिनिट माहीत होतं. त्या दुपारी मी स्वयंपाकघरात बसून चहा केला आणि तो गरम असतानाच प्यायले.

मेमध्ये कार्यक्रम झाला. शाळेच्या सभागृहात, काळे पोशाख घातलेली साठ-सत्तर मुलं. ती मागच्या ओळीत होती, पुढे एक उंच मुलगा, त्यामुळे तिचा फक्त डावा खांदा दिसत होता. तिची सुरावट सुरू झाली तेव्हा मी ओळखली. पहिला लांब सूर कुठे लागणार ते मला माहीत होतं. तो लागला असणार. मला वेगळा ऐकू आला नाही. मग त्या अकरा पट्ट्या आल्या, आणि माझ्याही नकळत मी ओठांतल्या ओठांत मोजायला लागले, वन टू थ्री फोर, टू टू थ्री फोर, आणि जिथे आमच्या अपार्टमेंटमध्ये नुसती शांतता असायची तिथे तुताऱ्या होत्या.